युद्धातून वाचल्यानंतर

१९९५ साली श्रीलंकेत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ माणसं आत्महत्या करत होती. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी हा एक. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला लष्कर जाफना शहराच्या तोंडाशी आलं आणि लाखो तमिळ माणसं हाताला लागेल ते घेऊन शहराबाहेर पडली. यादवीला तोवर बारा वर्षं झाली होती. दक्षिणेतल्या सिंहली तरुणांनीही १९८७ ते १९८९ या काळात एक सशस्त्र उठाव आणि त्याचं रक्तरंजित दमन पाहिलं होतं. हा ४७चा आकडा कशामुळे, असं तेव्हा कुणालाही विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं: युद्धामुळे, दुसरं काय.

पण पुढच्या वर्षापासून आकडा उतरायला लागला आणि युद्ध मात्र मे २००९पर्यंत चाललं. १९८६ ते १९९५ या दहा वर्षांशी ताडून पाहिलं, तर १९९६ ते २००५ या दशकात सुमारे १९,८०० आत्महत्या कमी झाल्या. डेव्हिड गनेल, मायकेल एडल्स्टन आणि त्यांच्या श्रीलंकन सहकाऱ्यांनी यामागची कारणं एकेक करून तपासली. बेकारी, दारू, घटस्फोट आणि यादवीची वर्षं यांपैकी कशाशीही ही घट जुळेना. जुळली ती शेतीच्या विषारी औषधांवरच्या बंदीशी. सरकारने १९८४पासून टप्प्याटप्प्याने सर्वांत घातक कीटकनाशकांची आयात थांबवत आणली होती. १९९५ आणि १९९८ साली त्यातले मोठे टप्पे पार पडले, २००८नंतर आणखी काही औषधं बाद झाली. त्यामुळे भाताचं पीक घटलं, असं काही दिसलं नाही. या बंदीने वीस वर्षांत सुमारे ९३,००० जीव वाचले आणि सरकारी खर्च जिवामागे पन्नास डॉलरहून कमी आला, असा अंदाज आहे. 'औषध घेतलं' हे दोन शब्द कानावर पडले की काय झालंय हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

आत्महत्या करणाऱ्याचं दुःख दूर केल्याशिवाय त्याला वाचवता येत नाही, असं आपण गृहीत धरून चालतो. तसं असेल तर युद्धात सापडलेल्या मुलामुलींबाबत हात टेकण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्यांचं दुःख दूर करणं कुठल्याही डॉक्टरच्या हातात नसतं. सुदैवाने ते तसं नाही. जिवावर उदार होण्याचा क्षण, विशेषतः तरुण वयात, फार लांबत नाही. काही मिनिटं, काही तास, फार तर एखादी रात्र. त्या वेळात हाताशी घातक साधन नसलं, तर लाट ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. दुःख तसंच राहूनही माणूस जगतो, आणि जगला तर पुढे त्या दुःखाचं काहीतरी करता येतं.

हेच इस्रायली सैन्यातही दिसलं. तिथे बहुतेक मुलामुलींना अठराव्या वर्षी सक्तीने सैन्यात जावं लागतं आणि सुट्टीला घरी येताना रायफल बरोबर आणायची पद्धत होती. २००६ साली सैन्याने नियम बदलला: सुट्टीला जाताना हत्यार तळावरच ठेवायचं. सैनिकांच्या आत्महत्यांमध्ये सुमारे ४० टक्के घट झाली. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती आणि एरवीच्या दिवसांत त्या बदल्यात वाढ झाली नाही. असा नियम करायला मनोविकारतज्ज्ञांची नवी फौज लागत नाही. एक प्रशासकीय परिपत्रक लागतं, इतकंच. मात्र युद्धाने होरपळलेल्या देशांत याच्या अगदी उलट घडतं. लढाई संपते तेव्हा घराघरांत हत्यारं उरलेली असतात आणि ती परत घेण्याची कुणाला घाई नसते.

साधन दूर ठेवायचं म्हणजे पेटीत ठेवून कुलूप लावायचं, हा सोपा उपाय मात्र फसला. श्रीलंकेतच अनुराधपूर भागात १८० गावांत, पन्नास हजारांहून जास्त घरांत मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांतल्या शेतकरी घरांना औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निष्कर्ष आला: फरक काही पडला नाही. कुलूप घरात, किल्ली घरात आणि त्रासलेला माणूसही घरातच. जबाबदारी पुन्हा त्या कुटुंबावरच. बंदीचा निर्णय वरून येतो, म्हणून तो सगळ्यांना लागू पडतो. पेट्या वाटणं छायाचित्रात छान दिसतं, ही गोष्ट वेगळी.

१९९८ साली श्रीलंकेने आणखी एक काम केलं: आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा उरला नाही. आपल्याकडे त्या दिशेने ठोस पाऊल पडायला २०१७चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. पोलीस केस होईल या धास्तीने घरचे लोक 'चुकून झालं' असं सांगून मुलाला दवाखान्यातून घेऊन जातात. ज्याला नंतरच्या आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मग कुणाच्या यादीत राहत नाही.

पण मग युद्धाचा आणि आत्महत्येचा संबंधच नाही का? आहे, आणि तो विचित्र आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ सालीच नोंदवून ठेवलं होतं की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय युद्धांच्या काळात आत्महत्या कमी झाल्या. त्यांचं म्हणणं असं की समान शत्रू समोर असला की माणसं एकमेकांना घट्ट धरतात आणि प्रत्येकाला आपली काही गरज आहे असं वाटतं. जाफन्यात मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांना नव्वदच्या दशकात हेच दिसलं: युद्ध भडकलं तेव्हा जाफन्यातल्या आत्महत्या घटल्या. यात एक मेख आहे. बाँब पडत असताना मृत्यूचं कारण कोण नीट लिहून ठेवतं? लढायला गेलेला मुलगा मरायलाच गेला होता का, हे कुठल्या रकान्यात भरायचं? त्यामुळे युद्धकाळातला कमी आकडा थोडा खरा असतो, थोडा नोंदवहीच्या दुरवस्थेचा.

सोमसुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं. अख्ख्या उत्तर भागाला पुरतील एवढे डॉक्टर नव्हतेच. म्हणून त्यांनी शिक्षक, गावपातळीवरचे सेवक, सुईणी यांना शिकवलं. कोण रात्ररात्र झोपत नाही, कुठला पोरगा अचानक शाळेत यायचा बंद झाला, कुणी आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलंय, हे ओळखायचं, ऐकून घ्यायचं, आणि गरज पडली तर पुढे पाठवायचं. तमिळ समाजाला समजेल अशा भाषेत पुस्तिका लिहिल्या. देवळातले विधी, एकत्र रडणं, मेलेल्यांचे दिवस करणं, यांनाही त्यांनी उपचारात धरलं.

२००७ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून आणीबाणीच्या काळातल्या मानसिक मदतीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा गाभाही हाच आहे. सर्वांत आधी सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा. मग कुटुंब आणि शाळा पुन्हा जुळवणं. मग थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचा आधार. आणि अगदी थोड्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ. प्रत्यक्षात बऱ्याचदा गाडी शेवटच्या डब्यापासून भरायला घेतात. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर परदेशी समुपदेशकांची जत्रा भरली होती. भाषा येत नाही, दोन आठवड्यांत परतीचं विमान, आणि 'काय घडलं ते सविस्तर सांगा' हा आग्रह. घाव ताजा असताना एका बैठकीत सगळं उकरून काढल्याने फायदा होत नाही, हे तोवर अभ्यासांनी दाखवलेलं होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तेच करू नका, असाच आहे.

शाळेचं म्हणाल तर युक्रेनमधल्या खारकीवकडे पाहावं. रशियाची सीमा जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. क्षेपणास्त्र सुटल्यावर सावध व्हायला नीट वेळही मिळत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये महापालिकेने मेट्रोच्या भुयारी स्थानकांत वर्ग सुरू केले, पुढच्या वर्षी खास जमिनीखालची शाळा बांधली. एकट्याने मोबाइलवर शिकणारी मुलं पुन्हा बाकावर शेजारी शेजारी बसली. याने आत्महत्या किती टळल्या ते कुणी मोजलेलं नाही. पण सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे, कुणीतरी हजेरी घेणार आहे आणि आपण नाही गेलो तर कुणाच्या तरी लक्षात येणार आहे, याची किंमत घरात महिनोन्‌महिने कोंडून पडलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला विचारावी.

युद्धातल्या मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे. ऑगस्ट २०१४मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने इराकमधल्या सिंजार भागात यझिदी समाजावर हल्ला केला, पुरुषांना मारलं आणि हजारो बायका-मुलींना पळवून नेऊन गुलाम म्हणून विकलं. कैदेत असतानाच काही मुलींनी जीव दिला. ज्या सुटून येत होत्या, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न होता. यझिदींमध्ये परधर्मीयाशी संबंध आला की माणूस समाजाबाहेर जातो, असा जुना कडक नियम. म्हणजे सुटका होऊनही घर नाही. या ठिकाणी आत्महत्या रोखण्याचं सर्वांत मोठं काम केलं ते ऐंशी पार केलेल्या एका धर्मगुरूने. बाबा शेख खुर्तो हाजी इस्माइल यांनी जाहीर केलं की या मुली यझिदीच आहेत, त्यांचा काही दोष नाही, समाजाने त्यांना मानाने घरात घ्यावं. लालिशच्या पवित्र मंदिरात झऱ्याच्या पाण्याने परत आलेल्या मुलींचा नव्याने स्वीकार होऊ लागला. शेकडो वर्षांचा नियम एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाने वाकला.

पूर्ण वाकला नाही. त्या कैदेत जन्मलेल्या मुलांना स्वीकारायचं की नाही यावर २०१९मध्ये धर्मसभेने आधी होकारासारखं निवेदन काढलं आणि विरोध झाल्यावर काही दिवसांतच तशा मुलांना वगळलं. कित्येक तरुण आयांना मूल की माहेर यातलं एक निवडावं लागलं. दुहोकजवळच्या छावण्यांत तंबूंना आता वर्षानुवर्षं झाली आहेत, आणि तिथून तरुण मुलामुलींच्या आत्महत्यांच्या बातम्या हल्ला होऊन सहा-सात वर्षं उलटल्यावरही येत राहिल्या. यझिदी वंशाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ यान इल्हान किझिलहान यांच्या पुढाकाराने २०१७मध्ये दुहोक विद्यापीठात मानसोपचार शिकवणारी संस्था सुरू झाली, ती यासाठीच. बाहेरून माणसं आणण्यापेक्षा इथलीच तयार करायची.

गाझात इयाद अल-सर्राज यांनी १९९० साली हाच विचार करून सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र उभारलं होतं. गेल्या काही वर्षांत तिथले मदतनीस स्वतःच बेघर झाले. आघातावरचे बहुतेक उपचार एक गोष्ट गृहीत धरतात: धोका टळलेला आहे आणि आता मागे वळून पाहायचं आहे. जिथे तो टळलेलाच नाही, तिथे भीती हा आजार म्हणता येत नाही. तिथे आधी गोळीबार थांबायला हवा, आणि हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

थेट मदत कशी करायची, याची सर्वांत चांगली गोष्ट मला मिळाली ती एका अगदी साध्या प्रयोगात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच शहरांतल्या दवाखान्यांत आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर हा प्रयोग झाला. त्यात कोलंबो होतं, आपलं चेन्नई होतं. बाकी तीन ब्राझील, इराण आणि चीनमधली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांशी घरी सोडण्याआधी तासभर बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात ठरलेल्या वेळी नऊदा फोन किंवा भेट: कसं चाललंय, काही लागतंय का. बस. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. ना महाग औषध, ना मोठी यंत्रणा. एक वही, एक फोन आणि ठरल्या तारखेला न विसरता विचारणा करणारा माणूस. हे काम कंटाळवाणं आहे, कारकुनी आहे, आणि त्यामुळेच ते युद्धातल्या छावणीतही करता येतं.

अशाच हेतूने आता साध्या कार्यकर्त्यांना शिकवता येतील असे कार्यक्रम तयार आहेत. पाच बैठकांचा एक प्रौढांसाठी, जो पेशावरमध्ये तपासला गेला. दुसरा दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, सात बैठकांचा आणि पालकांसाठी वेगळ्या तीन. तो जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासित मुलांवर आजमावला. आत्महत्या घटल्या, असं काही या चाचण्यांनी सिद्ध केलेलं नाही. चिंता आणि मनातली घुसमट कमी होते, एवढं दाखवलं आहे. पालकांचा समावेश मला फार महत्त्वाचा वाटतो. छावणीत बाप बेकार, आई खचलेली, आणि त्या तणावाचा मार मुलावर पडतो. फक्त मुलाला दीर्घ श्वास शिकवून काय होणार?

आणि विचारायचं कसं? सरळ. 'जीव नकोसा झालाय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. तशा प्रश्नाने धोका वाढत नाही, उलट ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, घातक वस्तू दूर करायच्या आणि जाणत्या माणसापर्यंत न्यायचं. भारतात १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येतं.

आता सर्वांत अवघड भाग, तो युद्ध संपल्यानंतरचा. उत्तर आयर्लंडमध्ये १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांतता करार झाला. त्याआधीच्या तीस वर्षांच्या सशस्त्र संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं मारली गेली होती. स्फोट विरळ झाले, लष्करी नाके उठले. आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ८.६ वरून १६ वर गेलं. नोंदीच्या पद्धती बदलल्याने आकडा थोडा फुगला असेल, ही शंका रास्त आहे. पण वाढ तेवढ्याने पुसली जात नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले माइक टॉमलिन्सन यांनी वयोगट पाहिले तेव्हा सर्वांत जास्त प्रमाण सापडलं ते सत्तरच्या दशकातल्या सर्वांत हिंसक वर्षांत बालपण गेलेल्यांत. लहानपणी पाहिलेलं पस्तिशी-चाळिशीत वर आलं.

त्याखालची पिढीही सुटली नाही. १९९० साली बेलफास्टमध्ये जन्मलेल्या पत्रकार लायरा मकी यांनी २०१६ साली या 'शस्त्रसंधीच्या मुलां'वर लिहिलं. करारानंतर २०१४च्या अखेरीपर्यंत सुमारे ३,७०० जण आत्महत्येने गेले होते, म्हणजे संपूर्ण संघर्षात मेले त्यांच्याहून जास्त. उत्तर बेलफास्टच्या आर्डॉइनसारख्या वस्त्यांत दोन समाजांमधल्या उंच भिंती तशाच उभ्या होत्या, गोद्यांमधल्या नोकऱ्या गेलेल्या होत्या, सशस्त्र टोळ्या 'वळण लावायला' पोरांना झोडपत आणि पायात गोळ्या घालत होत्या. घरात वडील गप्प. जे झालं त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, ही सवय जिवावरच्या धोक्यामुळे लागली होती आणि धोका गेल्यावरही ती सुटली नाही. मोठ्यांकडे निदान एक लढा होता, मुलांच्या वाट्याला त्याची फक्त राख आली. २००४च्या सुरुवातीला त्या भागात तरुण एकामागून एक जाऊ लागले. त्या सुमारास मुलगा गमावलेल्या पालकांनीच रस्त्यावर येऊन मदत केंद्रं काढली. सरकारचं पहिलं धोरण २००६मध्ये आलं. लायरा मकी स्वतः एप्रिल २०१९मध्ये डेरी शहरात दंगलीचं वार्तांकन करताना एका प्रजासत्ताकवादी गटाच्या गोळीने गेल्या. वय २९.

म्हणजे मदतीचं वेळापत्रक आपण उलटं लावतो. बातम्यांत युद्ध असतं तेव्हा देणग्या येतात, पथकं येतात. समान शत्रू गेला, घरं विखुरली, पोरं बेकार झाली आणि गप्प बसली, तेव्हा निधी आटलेला असतो. युक्रेनमध्ये माजी सैनिकांसाठीची आत्महत्या-प्रतिबंधक फोनसेवा २०१९मध्ये सुरू झाली, तेव्हा दोनबासमधल्या लढाईला पाच वर्षं झाली होती. तो देश निदान पहिल्याच दशकात जागा झाला.

उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळांतल्या लहान मुलांसाठी समुपदेशनाची सोय यायला २०२१ उजाडलं. ती मार्च २०२३मध्ये पैसे नाहीत म्हणून बंद झाली. दोनच आठवड्यांनी शांतता कराराचा रौप्यमहोत्सव साजरा करायला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन बेलफास्टला आले होते.